बिनटिकलीचं कार्ड

घरात तिला सगळे मधली म्हणत. वर दादा, खाली धाकटी, आणि मध्ये ही. ऑफिसात तिच्या पदाचं नाव एका ओळीत मावत नसे, पण काम तेच, मध्ये उभं राहायचं. विक्रीवाले इकडून ओढणार, सॉफ्टवेअरवाले तिकडून, आणि फाटलं की सुईदोरा घेऊन ही हजर. आपल्याला हे चांगलं जमतं असा तिचा समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

त्या दिवशी मात्र सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. खुर्चीत बसे, उठे, पाण्याची बाटली भरून आणी आणि न पिताच ठेवून देई. आज यादी बंद करायची होती. आधी दोनदा बंद करायची ठरली होती आणि दोन्ही वेळा भांडणात उघडीच राहिली होती. वरून निरोप होता की आता पुरे, आज काय ते ठरवा. पण तिची अस्वस्थता निव्वळ त्या निरोपाची नव्हती. घरातून निघताना काहीतरी विसरलंय असं वाटतं आणि काय ते आठवत नाही, तसं तिला गेले काही दिवस वाटत होतं.

त्यांची कंपनी गोळ्यांचा डबा बनवायची. साधासुधा नाही, बोलणारा. आठवड्याच्या गोळ्या त्यात भरून ठेवायच्या. वेळ झाली की डबा वाजतो, खालच्या ताटलीत नेमकी गोळी टाकतो आणि गोड आवाजात सांगतो, ‘गोळी घ्यायची वेळ झाली.’ असे तीन डबे होते, एक घरासाठी, एक वृद्धाश्रमासाठी, एक हॉस्पिटलसाठी. तिघांची सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेली. एकात चूक सापडली की ती तिन्हीकडे वेगळी दुरुस्त करायची, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. म्हणून ठरलं की कापडाचा तागा एकच असावा आणि त्यातून तिघांचे सदरे शिवावेत. तिन्ही डब्यांना लागणारं सॉफ्टवेअर सामाईक, बाकीचं ज्याचं त्याचं. बोलायला किती सोपं. पण सामाईकात काय घ्यायचं आणि काय नाही याची यादी ठरवायला बसले, आणि चार खात्यांची चार तोंडं चार दिशांना झाली.

त्यावर मधलीनेच एक पद्धत काढली होती. प्रत्येक गरजेचं एक कार्ड करून भिंतीवर लावायचं. प्रत्येक खात्याला मोजक्या लाल टिकल्या द्यायच्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात त्या गोल, चिकट. ज्याला जे हवं त्यावर त्याने आपली टिकली लावायची. मग जास्त टिकल्यांची कार्डं वर, कमी टिकल्यांची खाली, आणि मध्ये एक चिकटपट्टी ओढायची. पट्टीच्या वर ते घ्यायचं, खाली ते सोडायचं. ही स्वतः मधली, तेव्हा हिला टिकल्या नाहीत. याआधी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होई, त्या मानाने ही पद्धत फारच सभ्य होती. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली आणि तीही थोडी फुगली.

पहिल्या फेरीत जी कार्डं पट्टीच्या वर आली त्यांच्यावरून घाईघाईने काही डबे बनवून कर्मचाऱ्यांच्या घरी वापरून बघायला दिले होते. त्यातला एक तिच्या बाबांकडे होता.

बाबा ऑफिसपासून दोन स्टॉपांवर एकटेच राहत. आई गेल्यावर तिघांनीही या म्हटलं, पण त्यांनी कुणालाच हो म्हटलं नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, इथे तर तीन घरं, असं म्हणून हसले होते. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. घंटा वाजली की उचलायची असते, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव तत्त्वज्ञान. त्यांना साखरेचा आजार होता. सकाळची एक गोळी अशी होती की तिच्याबद्दल डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं होतं, एखादे दिवशी चुकली तर बघून घेऊ, पण दोनदा पोटात जाता कामा नये, साखर एकदम खाली येईल. तेव्हापासून रोज सकाळी तिघांपैकी कोणीतरी फोन करून विचारत असे, घेतली का. कधी तिघंही करत आणि बाबा वैतागत. डबा आला आणि ते फोन बंद झाले. डबा आहे ना, मग काळजी कसली.

मीटिंगची खोली लहान आणि गार होती. भिंतीवर नवी कार्डं. टेबलाशी विक्रीचे साहेब, ज्यांच्या तोंडी दर वाक्यात एक ग्राहक असे. त्यांच्यासमोर आर्किटेक्ट. सॉफ्टवेअरचा पाया आखतो म्हणून हे नाव, बाकी विटेला त्याने जन्मात हात लावला नव्हता. मग टेस्टिंगच्या मॅडम, ज्यांना पाठीमागे सगळे पण-मॅडम म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होई. आणि कोपऱ्यात सर्व्हिसचे काका, तक्रारींचे फोन घेऊन घेऊन कान लांब झालेले.

भांडण कुलपावरून चाललं होतं. हॉस्पिटलच्या डब्याला कुलूप हवं, हे सगळ्यांना मान्य. ते सामाईकात घ्या, असं साहेबांचं म्हणणं, म्हणजे उद्या घरगुती डबाही कुलपासकट विकता येईल. आर्किटेक्ट म्हणाला, घरच्या माणसाला स्वतःच्याच गोळ्यांना कुलूप कशाला, उगाच पाया जड होतो. मॅडम म्हणाल्या, पण मग तिन्ही डबे कुलपासह आणि कुलपाशिवाय तपासायचे कोणी. काका म्हणाले, किल्ली हरवल्याचे फोन मला येणार. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि तीच तर पंचाईत होती. आपलं ते बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. मधली एकेकाला शांत करत होती आणि टेबलाखाली तिचा पाय आपोआप हलत होता.

जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ असताना वीज गेली. पंखे थांबले, पडद्यावरचं चित्र गेलं. बाहेर डोकावून काका म्हणाले की सगळ्या भागाचीच गेलेली दिसते. अंधारात कुणालाच भांडायचा उत्साह उरला नाही. कोणी चहा मागवला, कोणी खिडकीशी जाऊन उभं राहिलं. थोड्या वेळाने दिवे लागले आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी जाऊन आपापल्या कार्डाला चिकटले.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. बाबा. ते एरवीही असे मध्येच फोन करत, पेपरात अमुक वाचलं का, नळ गळतोय, तुमच्याकडे ऊन पडलंय का. साहेब नुकतेच एका टिकलीने मागे सरकायला तयार झाले होते, आणि असा क्षण त्या खोलीत महिन्यातून एकदा यायचा. तिने फोन कापून पालथा घातला. दादाचं ऑफिस बाबांच्या घराजवळच आहे. तो घेईल.

फोन पुन्हा आला नाही. म्हणजे दादाने घेतला असणार.

कुलूप अखेर हॉस्पिटलच्या डब्यापुरतं ठरलं. साहेबांनी त्या बदल्यात रंगीत पडदा सामाईकात घालून घेतला, आवळा देऊन कोहळा काढला म्हणायचं. सगळे जरा सैलावले. जेवायला उठता उठता काका सहज म्हणाले, जाता जाता एक गंमत सांगतो. हिशोबाच्या खात्यातल्या एका बाईच्या सासूकडे आपला एक डबा दिलाय. परवा त्यांच्याकडे वीज गेली, आणि परत आल्यावर डब्याने सकाळची गोळी पुन्हा टाकली. सासूबाई खमक्या, त्यांनी ती उचलून खिडकीबाहेर भिरकावली आणि डब्यालाच चार शब्द सुनावले. काका हसले, मग म्हणाले, ते तेवढं कोणीतरी बघा.

मधलीच्या हातातली फाइल टेबलावर पडली.

“ते बघायचं काम कोणाकडे आहे?” तिने विचारलं.

तिने कपाट उघडलं. पहिल्या फेरीत पट्टीच्या खाली गेलेल्या कार्डांचा गठ्ठा रबर लावून तिनेच ठेवला होता. सगळ्यांत तळाला ते कार्ड होतं. तिच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं, ‘वीज गेली तरी, गोळी दिली आहे हे लक्षात ठेवणे.’ त्यावर एकही टिकली नव्हती.

मग चौघांची चार उत्तरं आली, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. साहेब म्हणाले, हे काय विकायचं असतं, हे तर ग्राहक गृहीतच धरतो, मी टिकली तिथे कशाला घालवू. आर्किटेक्ट म्हणाला, ही इतकी मुळातली गोष्ट आहे की यावर मत घ्यायचं असतं हेच मला सुचलं नाही, मला वाटलं मॅडम लावतील. मॅडम म्हणाल्या, पण मी असेल ते तपासते, असावं की नाही हे पायावाल्यांनी सांगायचं. काका म्हणाले, तुम्ही तिघं एवढे शहाणे, मला वाटलं तुमच्यापैकी कुणी सोडणारच नाही. जी गोष्ट तिन्ही डब्यांना आणि चौघांनाही हवी होती ती प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडली होती. सामाईक जिना कोणी झाडत नाही, तसं.

आणि पट्टी ओढली होती मधलीने. ते कार्ड खाली जाताना तिने पाहिलंही होतं. तिला वाटलं होतं, आर्किटेक्ट बघून घेईल.

आता तिला आठवलं, ती काय विसरली होती. आणि मघाच्या त्या पालथ्या घातलेल्या फोनचा अर्थही त्याच क्षणी डोक्यात उतरला. वीज सगळ्या भागाची गेली होती.

तिने बाबांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. ज्या माणसाने आयुष्यात घंटा तिसऱ्यांदा वाजू दिली नाही, त्याच्या घरी ती वाजून वाजून आपोआप बंद पडली. कोणाला काही न सांगता ती पर्स घेऊन धावली. लिफ्ट वर होती म्हणून जिन्याने उतरली. बसची वाट बघायचा धीर नव्हता, समोर आली ती टॅक्सी थांबवली.

टॅक्सीतून दादाला फोन केला. त्याने लगेच उचलला. “हो अगं, मलाही आला होता बाबांचा. पाहुणे बसले होते समोर. मला वाटलं, तू घेशील.” धाकटी दुसऱ्या गावी असते. तिचाही फोन लगेच लागला, तीही म्हणाली की आला होता, बाळाला झोपवत होते, तुम्ही दोघं तिथे जवळ आहात म्हणून पुन्हा केला नाही. काय झालं गं? मधलीला दोघांचा भयंकर राग आला, आणि तो आल्या पावली परत गेला, कारण तो कुठल्या तोंडाने करणार. आत्ताच तिने ऑफिसात चार माणसांच्या तोंडून हेच ऐकलं होतं आणि पाचवी ती स्वतः होती. टॅक्सी सिग्नलला थांबली. ती सीटच्या कडेला येऊन बसली, जणू त्याने गाडी लवकर सुटणार होती. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि काही न विचारता दिवा बदलताच गाडी दामटली.

तिच्याकडे बाबांच्या दाराची किल्ली होती, घंटा न वाजवताच तिने दार उघडलं. आत डब्यावरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. ताटली रिकामी होती. स्वयंपाकघरात टेबलावर वाढलेलं ताट झाकून ठेवलेलं. बाबा आरामखुर्चीत होते, मान एका बाजूला कललेली, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, फोन मांडीवर. तिने हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, पण तिच्याकडे बघायला त्यांना वेळ लागला.

“आई आली का?” त्यांनी विचारलं.

तिने मुठीने साखर पेल्यात टाकली, अर्धी ओट्यावर सांडली, पाण्यात ढवळली आणि त्यांना सरळ बसवून घोट घोट पाजली. एका हाताने पेला, दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन. डॉक्टर म्हणाले, गिळतायत ना, मग पाजत राहा, नंतर खायला द्या, यंत्राने साखर मोजा आणि मोजतच राहा. या गोळीचा परिणाम लवकर जात नाही, साखर पुन्हा उतरली तर थांबू नका, सरळ हॉस्पिटलात आणा. तिने बोटाला सुई टोचून मोजलं. आकडा फारच खाली होता. पुन्हा पाजलं, पुन्हा मोजलं. आकडा हळूहळू वर चढायला लागला, तसा बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि त्यांनी पहिली तक्रार केली की पाणी फार गोड आहे. ते ऐकून ती रडायला लागली.

जरा वेळाने त्यांनी स्वतःहून सांगितलं. सकाळी गोळी घेतली होती, हे त्यांना चांगलं आठवत होतं. वीज आली आणि डबा पुन्हा वाजला, गोळी पडली. त्यांना वाटलं, घोटाळा आहे.

“मग का घेतलीत, बाबा?”

“तुम्हा तिघांना फोन केला. म्हटलं, तिघं आहेत, कोणीतरी उचलेलच.” ते थांबले. “डबा मात्र सारखा सांगत होता, वेळ झाली, वेळ झाली. मला वाटलं, मीच विसरलो असेन. म्हातारा माणूस. आणि डबा काय खोटं बोलेल? तुझ्या ऑफिसचा आहे.”

ती त्यांचा हात धरून बसून राहिली. आरोप केला असता तर बरं झालं असतं, पण बाबांच्या आवाजात तक्रारीचा लवलेशही नव्हता. गोळी घेतल्यावर नेहमीप्रमाणे थोडं थांबून जेवायचं म्हणून ते खुर्चीत टेकले होते आणि तिथेच ग्लानी आली होती. तिने भिंतीतून डब्याची पिन उपटली. तरी तिचं समाधान होईना, म्हणून तो उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं.

दादा धावतपळत आला, बूट न काढताच आत शिरला आणि बाबांच्या पायाशी जमिनीवर बसला. धाकटीचा फोन सारखा येत होता.

दुपारीच तिने काकांना फोन करून सगळं कळवलं होतं. ऊन उतरल्यावर विक्रीच्या साहेबांचा फोन आला. त्यांनी आधी मनापासून बाबांची चौकशी केली. कर्मचाऱ्यांच्या घरचे सगळे डबे परत मागवायला काका स्वतः निघाले आहेत, असं सांगितलं. मग जरा चाचरत म्हणाले की एक घोळ झालाय. चौघांनीही आपल्या सगळ्या टिकल्या त्या एका कार्डावर लावल्या आहेत. कार्ड दिसतसुद्धा नाही. पण त्यामुळे बाकीची कार्डं उघडी पडली, चुकीची गोळी पडली तर आवाज करायचा, त्या कार्डावरही आता टिकली नाही. उद्या पुन्हा बसायला लागणार. तुम्ही याल ना?

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. एरवी ती हसली असती.

“त्या कार्डावरच्या टिकल्या काढा,” ती म्हणाली. “त्या लावायच्याच नव्हत्या. जे सगळ्यांना हवंय त्याला मतं मागायची नाहीत. त्यावर एका माणसाचं नाव लिहायचं, जो दुसरं कोणी बघेल असं म्हणू शकणार नाही. अशी आणखी कार्डं निघतील. उद्या तीच आधी शोधू.”

“नाव कोणाचं लिहू?”

“माझं.”

पलीकडे मार्करचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

बाबांना आतल्या खोलीत झोपवलं होतं. दादा औषधाच्या दुकानात गेला होता. मधली स्वयंपाकघरात भाताला आधण ठेवून उभी होती. मोजायचं यंत्र समोरच होतं, आणि आता पुन्हा कधी मोजायचं हे ती घड्याळात बघत होती. दर थोड्या वेळाने ती दाराशी जाऊन त्यांचा श्वास ऐके आणि परत येई. पाय एका जागी ठरत नव्हते.

ओट्यावरचा फोन वाजला. बाबा.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने तो उचलला. “काय झालं बाबा? येऊ का?”

“काही नाही गं,” आतल्या खोलीतून आणि फोनमधून एकदमच आवाज आला. “लागतो का बघत होतो.”

तिला हुंदका आवरेना. तो ऐकू जाऊ नये म्हणून तिने नळ सोडला, आणि फोन न ठेवता तशीच आत गेली.